आधी समोरच्याची बाजू मांडा

कळंबकरांनो, आणि मंचर ते नारायणगाव, घोडेगाव ते ओतूर या पट्ट्यातल्या भावाबहिणींनो, धर्म शिकायला आज घर सोडावं लागत नाही. दिवसभर कांदा काढून, संध्याकाळची धार काढून हातपाय धुतले की रात्री मोबाईलवर गीतेचा वर्ग सुरू होतो. कुणी पत्राद्वारे दासबोधाचा अभ्यास करतं, स्वाध्याय लिहून पाठवतं आणि तो तपासून येण्याची वाट पाहतं. कुणी पाली शिकतं. कुणी बायबलचे पाठ टपालानं मागवतं. कुणाच्या घरात मुलगी दूरच्या उस्तादांकडून कुराणाचं पठण शिकते. ज्या ज्ञानासाठी आळंदीला, काशीला किंवा देवबंदला जाऊन राहावं लागे, ते आपल्या ओसरीवर आलं. ज्या बायकांना पोथीसमोर बसायचं ते फक्त ऐकायला, त्या आज प्रश्न विचारतात. पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नव्हती अशी ही संधी आहे.

म्हणूनच तिची नासाडी पाहवत नाही. वर्ग संपतो आणि वर्गाच्या गटावर वाद पेटतो. गीता संन्यास शिकवते की कर्म? बुद्ध विष्णूचा अवतार मानायचा की नाही? दर्ग्यावर चादर चढवणं धर्मात बसतं की नाही? प्रश्न खरे आहेत, शेकडो वर्षांचे आहेत. पण चार ओळी होत नाहीत तोच विषय बाजूला पडतो आणि माणूस सापडतो. तुझी जात कळली, तुमच्या लोकांना कशाची अक्कल, बाई असून इतकं बोलते. मग कुणीतरी मुकाट्यानं अभ्यास सोडून देतं. बहुधा तीच व्यक्ती सोडते, जी सगळ्यांत कष्टानं तिथवर पोचलेली असते. आणि भांडणारे दोघं सकाळी त्याच दूध डेअरीवर कॅन घेऊन उभे असतात, एकमेकांकडे न बघता.

मतभेद गिळा, असं मी म्हणणार नाही. असा सल्ला देणाऱ्यांनी हा मुलूख नीट पाहिलेला नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे, त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि दक्षिणांची यादी कोरलेली आहे. त्याच जुन्नरच्या डोंगरांत यज्ञ न मानणाऱ्या बौद्ध भिक्खूंसाठी लेण्यांमागून लेणी खोदली गेली. लेण्याद्रीला गिरिजात्मज बसला आहे तो एका बौद्ध विहारात. भोवतीच्या भिक्खूंच्या खोल्या आजही दिसतात. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांनी आपल्या गुरूचं नाव बाबाजी असंच सांगितलं. त्याच ओतुरात 1884 साली सत्यशोधकांनी भटजींना न बोलावता लग्नं लावली आणि तो वाद न्यायालयात गेला. मतभेद आपल्या मातीत मुरलेला आहे. तो कसा लढायचा, एवढंच आपण विसरत चाललो आहोत.

लांबून, पत्रांतून, धर्मावर कडाडून कसं भांडावं याचं सर्वांत मोठं उदाहरण मराठीतच आहे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे गहजब झाला. तिकडच्यांना वाटलं, आता ही शिष्या सांगू ते मानील. रमाबाईंनी मानलं नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत असताना त्या प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्य म्हणजे नेमकं काय? ख्रिस्त देव कसा? चर्चचा एखादा जुना मतठराव बायबलात नसेल, तर तो मी का स्वीकारावा? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन, ज्यांना त्या धर्मआई मानत, त्यांना हा गर्व वाटला आणि तसं त्यांनी लिहिलंही. रमाबाईंचं उत्तर होतं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं, ते दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नव्हे. इतकं स्पष्ट लिहिणाऱ्या रमाबाई त्याच जेराल्डिनना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी तर या शंकांना धीरानं, मुद्दा धरून उत्तरं लिहिली. प्रश्न विचारणारी मुलगी परकी आहे, गुलाम देशातली आहे, आपल्या आधारानं राहते आहे, यातलं काहीही त्यांनी युक्तिवाद म्हणून वापरलं नाही.

पुढे काय झालं ते ऐका. ही सारी पत्रं जपून, जुळवून ठेवली ती जेराल्डिन यांनीच. ज्या वादात स्वतःचं म्हणणं पटवता आलं नाही, त्या वादातली समोरच्याची पत्रंसुद्धा त्यांनी फेकली नाहीत. 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपानं छापली, आणि छापली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं. आपल्याच जिल्ह्यात, दौंडजवळच्या केडगावला, रमाबाईंनी पुढे मुक्तिसदन उभारलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केलं. प्रश्न विचारू दिल्यानं त्यांची श्रद्धा पातळ झाली नाही, ती त्यांची स्वतःची झाली. रात्री रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर शंभर वर्षांनी कुणी जपून छापावं, अशा प्रतीचं आहे का? दूरस्थ विद्यार्थ्यानं पाठवण्याआधी स्वतःला एवढं विचारावं.

समोरासमोरचंही उदाहरण आहे. 1857 च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी दर आठवड्याला ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत. पलीकडे जॉर्ज बोवेन यांच्यासारखी माणसं. भोवती गर्दी, आणि काळ किती तापलेला होता हे त्या सालावरूनच कळतं. तरी दोन्ही बाजूंचं म्हणणं कागदावर उतरलं. बोवेन यांनी इंग्रजीत वृत्तान्त दिला, आणि पुढे मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ आला. आज आपण दोन्ही वाचू शकतो.

आता कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की तुकोबा काय मऊ बोलले? जोतीराव फुले काय लोण्यासारखे होते? नव्हते. दोघांचे शब्द आजही झोंबतात. पण ते कुणाला झोंबतात ते पाहा. ज्याच्या हाती सत्ता होती, पोथीचं कुलूप होतं, पाणवठा अडवण्याची ताकद होती, त्याच्यावर ते तुटून पडले, स्वतःच्या नावानं आणि त्याची किंमत मोजून. रमाबाईंवर चहूकडून टीका होत असताना, त्यांनी स्वीकारलेला धर्म स्वतः न स्वीकारलेले फुले 1885 साली ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. शेजारी बसून शिकणाऱ्या गरिबाला, नवशिक्याला, एकट्या पडलेल्या बाईला हिणवणं आणि वर तुकोबांचा दाखला देणं, हा तुकोबांचा अपमान आहे. अन्यायाविरुद्ध कठोर बोला. कुणी धर्माचं नाव घेऊन माणसाला हीन ठरवत असेल तर तिथे गोडवा नको, तिथे ठणकावूनच सांगा. मी मागतो आहे तो संयम सहअध्यायींसाठी आहे, जुलमासाठी नाही.

या संयमाचं शास्त्र आपल्याकडे तयार आहे. न्यायसूत्रांत गौतमानं सत्य शोधण्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि नुसतं दुसऱ्याचं पाडण्यासाठीची वितंडा वेगवेगळी सांगितली. भाष्यकार आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्याहून नेटकं मांडतात, आणि मगच उत्तर देतात. टिळकांनी 1915 च्या ‘गीतारहस्या’त शंकराचार्यांच्या संन्यासपर अर्थाशी उघड झुंज घेतली, पण आधी तो अर्थ वाचकाला पुरता समजावून. आज गीतेच्या वर्गात टिळकांच्या बाजूनं तावातावानं लिहिणाऱ्या किती जणांनी शंकराचार्यांचं एक पान वाचलं आहे? आणि उलटही तेवढंच खरं. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघं एकमेकांच्या धर्मावर बोट ठेवतात, चांगलं खरपूस भांडतात, आणि शेवटी एकमेकांना भेटतात. नाथांनी त्या यवनाच्या तोंडी लेचेपेचे मुद्दे घातलेले नाहीत.

जमेल का हे आपल्याला? करून पाहू, आणि जिथे आपल्यालाच लागतं तिथून सुरुवात करू. भीमाशंकर आपल्या आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या सीमेवरचं, आपल्या काळजातलं. फेब्रुवारी 2023 मध्ये आसाम सरकारच्या जाहिरातीत सहावं ज्योतिर्लिंग, म्हणजे भीमाशंकरच, गुवाहाटीजवळच्या डाकिनी पर्वतावर दाखवलं गेलं आणि महाराष्ट्रात संताप उसळला. आपल्याकडून जे बोललं गेलं, त्यात पुराण किती होतं आणि शिव्या किती? शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतली भीमासुराची कथा उघडून बघा. त्यात कामरूपाचा, म्हणजे जुन्या आसामचा, राजा आहे, ही त्यांची भक्कम बाजू. त्याच कथेत भीम आपल्या आईबरोबर सह्य पर्वतावर राहतो, ही आपली. शिवाय भीमा नदीचा उगम इथे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वारी इथली. म्हणजे दोघं एकाच पोथीत पाय रोवून उभे आहेत. गुवाहाटीच्या भक्ताची बाजू जो आंबेगावकर त्या भक्ताला पटेल अशी मांडू शकतो, त्याचा भीमाशंकरवरचा दावाही लोक गंभीरपणे ऐकतील. बाकीच्यांचा नुसता आरडाओरडा ऐकू येईल.

तेव्हा उठा. जे जे घरबसल्या धर्म शिकत आहेत, गीता, दासबोध, धम्म, बायबल, कुराण, काहीही, त्यांनी महिन्यातून एकदा कळंबमध्येच समोरासमोर बसावं. मंदिराचा सभामंडप, विहाराचं अंगण, शाळेची खोली, जागा गावात कमी नाहीत. दर वेळी एकच प्रश्न घ्या. ज्याला विरोध करायचा आहे त्यानं आधी समोरच्याची बाजू सांगावी, आणि समोरच्यानं ‘होय, माझं हेच म्हणणं आहे’ असं म्हटल्याशिवाय स्वतःचं बोलू नये. ग्रंथाचा दाखला देणाऱ्यानं ग्रंथ सोबत आणावा; कुणाकडून तरी आलेला मजकूर चालणार नाही. जात, बाईपण, शिक्षण, आडनाव यांच्यावर शब्द गेला की त्या माणसाचं त्या दिवसाचं बोलणं संपलं, मग तो गावातला कितीही मोठा असो. हे शेवटचं पाळायला धाडस लागेल. ते ज्येष्ठांनी दाखवावं, पोरांवर ढकलू नये.

लांबून शिकवणाऱ्या गुरुजनांनाही विनंती आहे. तुमच्या स्वाध्यायांत ‘आपल्या मताचे समर्थन करा’ हा प्रश्न असतोच. त्याच्या शेजारी ‘तुम्हाला न पटणारे मत त्याच्या अनुयायाला मान्य होईल असे लिहा’ हा प्रश्नही घाला आणि त्याला जास्त गुण ठेवा. गटात एखाद्याला कुणी हिणवलं तर त्याच रात्री, सगळ्यांसमोर बोला. तुम्ही गप्प राहिलात, तर ते तुमच्या शिकवणीत बसतं असंच लोक समजतील.

पहिल्या बैठकीला विषय भीमाशंकरचाच घ्या. आपल्यातल्या दोघांनी कामरूपाची बाजू मांडायची, कोटिरुद्रसंहिता हातात धरून, जीव ओतून. उत्तर देणाऱ्यांनी आजपासूनच वाचायला बसा.