मुक्कामाचा डबा आणि नाजूक पोट

थंडी पडली की नांदेड-लातूरकडच्या घरांत एक बेत हमखास शिजू लागतो: कुणाच्या तरी शेतावर दोन रात्रींचा मुक्काम. तीन दगडांची चूल, हुरडा, झाडाखाली ताडपत्री, पोरांसाठी एखादा तंबू. कुणी वाटेत कंधारचा किल्ला दाखवतं, तर कुणी पावसाळ्यातच सहस्रकुंड उरकून घेतलेलं असतं. आणि अशा प्रत्येक बेतात घरातलं एक माणूस म्हणतं, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

आमच्या नात्यागोत्यात अशा तीन-चार जणी आहेत. जेवलं की पोट फुगतं, कळा येतात, कधी जुलाब तर कधी चार-चार दिवस काहीच नाही. तपासण्या ठीक येतात. डॉक्टर आयबीएस म्हणतात, म्हणजे आतड्यात जखम नाही, पण त्याचं काम नीट चालत नाही. बाहेर जायचं म्हटलं की या बायकांना दोन धास्ती असतात. एक जेवणाची, आणि दुसरी, जी कुणी बोलून दाखवत नाही, संडासाची. वर्षानुवर्षं घरी राहण्याचं कारण बहुतेक वेळा ही दुसरीच असते.

आयबीएससाठी हल्ली डॉक्टर 'लो फॉडमॅप' आहार सुचवतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तो तयार झाला. काही प्रकारची साखर लहान आतड्यात नीट शोषली जात नाही. ती पाणी ओढते, पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू तिला आंबवतात आणि वायू होतो. नाजूक आतड्याला तेवढा ताणही सोसत नाही. म्हणून दोन ते सहा आठवडे असे पदार्थ बंद करायचे, मग एकेक परत खाऊन पाहायचा आणि ज्याने खरंच त्रास होतो तेवढाच सोडायचा. हा जन्मभराचा उपवास नव्हे. बऱ्याच जणी पहिल्या पायरीवरच अडकतात आणि वाळत जातात.

यादी वाचली की आपल्याकडची बाई कपाळाला हात लावते. कांदा, लसूण, गहू, दूध, हरभरा, राजमा, आंबा, सफरचंद, कलिंगड, मध. लातूर म्हणजे डाळींची बाजारपेठ, आणि तिथल्याच बाईला तुरीचं वरण बंद! दालचा-बगारा खाना तर विचारूच नका, त्यात डाळही आली आणि कांदा-लसूणही. येसरातही भाजलेला गहू आणि हरभऱ्याची डाळ असते, हे पटकन लक्षात येत नाही.

पण आपल्या शिवारात चालणारंही पुष्कळ आहे. ज्वारी चालते, तांदूळ चालतो. अंडी, मासे, मटण, चिकन यांत ही साखर नसतेच, अडचण असते ती मसाल्याची. शेंगदाणे, तीळ, बटाटा, गाजर, काकडी, टोमॅटो बेताने चालतात. अर्धापूरची केळी न्यायची तर जरा कच्चटच निवडा. केळं जास्त पिकलं की त्याच पोटाला जड जातं. कोवळ्या हुरड्याचं मात्र मूठभर खाऊन बघावं, आणि त्यासोबतची लसणाची चटणी दुसऱ्याकडे सरकवावी.

कांदा-लसणाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. त्यातली त्रासदायक साखर पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून रश्शातून कांदा वेचून काढला तरी उपयोग नसतो, रस्सा तोवर बिघडलेला असतो. उलट तेलात अख्ख्या लसणाच्या पाकळ्या तळून काढून टाकल्या, तर तेलात स्वाद राहतो आणि पोट शांत राहतं. हे तेल त्याच वेळी करावं आणि त्याच वेळी संपवावं. घरून बाटलीत भरून नेऊ नये, लसणाच्या साठवलेल्या तेलात घातक विष तयार होऊ शकतं. हिंग चालतो, पण बाजारातल्या खड्यात बहुधा मैदा असतो, पाकीट वाचून घ्या.

आमचा मुक्कामाचा बेत म्हणजे तहरी. लसणाचं तेल, त्यात जिरं, दालचिनी, आलं, हळद, धने. मग मटण किंवा बटाटा-गाजर, मग तांदूळ आणि वरून कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग. बाकीच्यांसाठी तळलेला कांदा घरून वेगळ्या डब्यात न्यायचा आणि ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यायचा. देग एकच राहते. पथ्याच्या बाईसाठी वेगळं पातेलं चढवलं की ती दस्तरखानावर बसूनही एकटीच पडते, म्हणून आमचा या एका देगीवर भर आहे.

नाश्त्याला कडक भाकरी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी. कडक भाकरी आठवडाभरही टिकते. चहा दुधाशिवाय, आलं घालून. मटण त्याच दिवशी आणा. रात्रीचा भात सकाळी गरम करून खाऊ नका, तो पथ्य नसलेल्यांनाही बाधतो. पाणी उकळून घ्या. नवा पदार्थ खाऊन पाहायचा प्रयोग मुक्कामावर नको, तो घरी, शांत आठवड्यात.

आता संडासाचं. शेतमालकाला आधी फोन करून सरळ विचारा: सोय आहे का, किती लांब, पाणी कुठून, रात्री दिवा आहे का? पाहुण्याने हे विचारण्यात गैर काही नाही. सोय नसेल तर जाड कापडाचा आडोसा आणि टॉर्च घरून न्या, आणि त्या बाईची झोपायची जागा त्या बाजूलाच ठेवा. हे काम घरातल्या पुरुषाने करावं. तिने दहा जणांसमोर मागायची वेळ येऊ नये.

एवढं करण्याआधी निदान मात्र पक्कं हवं. शौचातून रक्त, घटत जाणारं वजन, अंगात रक्त कमी असणं, ताप, पोटदुखीने रात्री झोपमोड किंवा पन्नाशीनंतर सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर तो आयबीएस समजून पथ्य करत बसू नका, तपासून घ्या. गहू बंद करण्यापूर्वी सिलिॲकची रक्ततपासणी करून घ्यावी, गहू सोडल्यावर ती खोटी 'ठीक' दाखवू शकते. नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ही चौकशी मुक्कामाच्या महिनाभर आधी उरकली, तर तळलेल्या कांद्याचा डबा भरताना कुणाला धाकधूक राहत नाही.