धनुष्याचें लांकूड आणि साखळीची करवत

आमच्या सोसायटीच्या गेल्या मासिक सभेंत एका विषयावर दोन तास वाद झाला आणि ठराव कांहींच झाला नाहीं. बांधावरचीं झाडें तोडण्याकरितां वर्गणींतून एक यांत्रिक करवत, बाजारांत जिला चेनसॉ म्हणतात ती, घ्यावी हें सर्वांस मान्य होतें. कोणती घ्यावी यावर मात्र तट पडले. बहुतेकांचा ओढा २२ इंची पात्याच्या व ५८ सी. सी. एंजिनाच्या करवतीकडे होता. १६ इंची लहान करवतीच्या बाजूनें आमचें एकट्याचें मत पडलें व तें हंशावारी गेलें. भर सभेंत बोलण्याची आम्हांस संवय नाहीं. महसूल खात्यांत ज्याचा जन्म टिपणी लिहिण्यांत गेला त्याला जें सांगावयाचें तें कागदावरच नीट सांगतां येतें. सबब वाचकांनीं ही टिपणीच समजावी.

करवत कशासाठीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण वादाचें मूळ तेथेंच आहे. आपल्या जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यास लागून असलेल्या फलटण तालुक्यांतील सरडे या गांवचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा, २०२१ सालीं टोकियो येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत धनुर्विद्येसाठीं उतरला. पुढें २०२३ सालीं बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें जगज्जेतीं ठरलीं. आमच्या शाळेंतील मुलांसही तेव्हांपासून तीरकमठ्याचें वेड लागलें. जगज्जेत्यांचीं धनुष्यें कप्प्यांचीं, धातूचीं व कार्बनचीं असतात. तीं आमच्या आटोक्यांतलीं नव्हेत. परंतु शिकाऊ मुलांच्या ‘इंडियन राऊंड’ प्रकारांत ३० व ५० मीटरांवरून बांबूच्या साध्या धनुष्यानें तीर सोडतात. शाळेजवळ अशीं चार धनुष्यें होतीं, पैकीं दोन उन्हाळ्यांत मोडलीं. गुरुजींनीं गांवच्या सुतारास गळ घातली, सुतारानें लांकूड मागितलें, आणि लांकूड द्यावयाचें तर करवत पाहिजे, असा हा प्रश्न सोसायटीच्या दारांत आला.

आतां धनुष्याचें लांकूड म्हणजे जळणाचें लांकूड नव्हे, आणि औताचेंही नव्हे. कुळवाच्या दिंडास भार सोसावयाचा असतो. धनुष्यास वांकून पुन्हां सरळ व्हावयाचें असतें. दोरी ओढली म्हणजे धनुष्याच्या पाठीकडील तंतू ताणले जातात व पोटाकडील दाबले जातात. पाठीवरचा एखादा तंतु मध्येंच तुटलेला असला तर तेथून चीर उठते आणि धनुष्य हातांतल्या हातांत मोडतें. तें ओढणारा बारा वर्षांचा मुलगा असतो व त्याचा डोळा तेथून हातभरही लांब नसतो. म्हणून जाणते कारागीर हें लांकूड चिरीत नाहींत, फोडतात. करवत आपल्या सरळ रेषेनें जाते, मग लांकडाचे तंतू कोठेंही जावोत; पाचर मात्र तंतूंच्या वाटेनें जाते. फोडलेल्या लांकडाची साल काढल्यावर आंत जो गुळगुळीत पृष्ठभाग लागतो तीच धनुष्याची पाठ, व पांढऱ्या, नव्या लांकडांत तरी त्या पाठीस हत्यार लावावयाचें नसतें.

यावरून करवतीचें काम केवढें तें ध्यानांत येईल. झाड पाडणें, आणि पडलेल्या खोडाचा सहा फुटांचा ओंडका दोन्ही टोकांस आडवा कापून घेणें, एवढींच दोन कामें तिचीं. पुढचें सारें पाचर, घण व कुऱ्हाड यांचें. मोठ्या करवतीचे कैवारी म्हणतात कीं ओंडक्याच्या उभ्या फळ्याही तिनेंच काढूं. काढाव्यात, मात्र त्यांचीं धनुष्यें करून मुलांच्या हातीं देऊं नयेत. शिवाय साखळीचा प्रत्येक काप पाव इंच किंवा त्याहून अधिक लांकडाचा भुसा करतो. सहा इंची ओंडक्याचे चार भाग करूं पाहणाऱ्यानें हा हिशेब आधीं मांडावा.

खोडही फार जाड लागत नाहीं. सहा ते दहा इंच व्यास, पांच-सहा फूट सरळ, गांठ नाहीं, पीळ नाहीं, एवढें असलें कीं झालें. पीळ ओळखण्यास सालीवरच्या भेगा पाहाव्या. त्या खोडाभोंवतीं दोरीसारख्या फिरत चढल्या असतील तर तें झाड सोडून द्यावें. पातें खोडाच्या व्यासाहून दोन इंच लांब असलें म्हणजे पुरतें. मग २२ इंच कशास?

झाड कोणतें, यासंबंधींही सभेंत बराच गोंधळ दिसला. बाभळीचें लांकूड चिवट खरें, परंतु आपल्या रानांतल्या बाभळी इतक्या वांकड्यातिकड्या वाढतात कीं पांच फूट सरळ खोड क्वचितच सांपडतें. त्यांचीं औतेंच करावींत. धामणीचें लांकूड धनुष्यास नामांकित. पण धामण ही सह्याद्रि-सातपुड्याच्या पानझडी जंगलांतली, आपल्या मंगळवेढ्या-मोहोळच्या उघड्या ज्वारीच्या रानांत ती कोठून असणार? सातपुड्यांतले भिल्ल बांधव कमठा करतात तो बांबूचा. बांबू आपल्याकडेही आतां बांधावर लावूं लागले आहेत, पण बांबूला चेनसॉ लावण्यांत शहाणपण नाहीं. साखळीचे दांत त्याच्या सालीच्या चिरफळ्या करतात. बारीक दांतांची हातकरवत घ्यावी आणि तीन वर्षांचा जून बांबू थंडींत, जमिनीजवळच्या पेराच्या वर कापावा.

राहतां राहिली तुती. तुतीचें लांकूड चिवट व लवचिक. उत्तरेकडे हॉकीच्या काठ्या त्याच्याच करीत आले आहेत. अमेरिकेंतले मूळ रहिवासी ज्या ‘ओसेज ऑरेंज’ झाडाच्या धनुष्यांसाठीं प्रसिद्ध होते तेंही तुतीच्याच कुळांतलें. रेशमाच्या किड्यांसाठीं दर हंगामास छाटलेली झुडपें येथें उपयोगाचीं नाहींत. विहिरीच्या थारोळ्यापाशीं किंवा बांधावर मोकळें वाढूं दिलेलें झाड पाहिजे.

असें एक झाड आमच्या विहिरीवर होतें, वडिलांच्या हातचें. दोन वर्षांपूर्वीं तें आम्हीं एका ठेकेदारास तोडावयास दिलें. दर इतरांहून कमी म्हणून दिलें, हें कबूल केलेंच पाहिजे. त्याचा मनुष्य २२ इंची करवत घेऊन आला; अंगांत धोतर-सदरा, पायांत चपला. झाड विहिरीकडे बरेंच झुकलेलें. झुकल्या बाजूस आधीं खाच घ्यावी हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. त्यानें मागूनच पातें घातलें आणि एंजिनाच्या जोरावर रेटलें. अर्धें खोड कापलें न कापलें तोंच मोठा आवाज होऊन उरलेलें खोड उभें चिरत पुरुषभर उंच गेलें, चिरलेला भाग मागें उसळला व त्याच्या खांद्यावर आला. खांद्याचें हाड मोडलें. तोच तडाखा वीतभर अलीकडे बसता तर डोकें गेलें असतें. दवाखान्याचा खर्च आम्हीं दिला. ठेकेदार पुन्हां फिरकला नाहीं. राहिलेलें खोड त्याच्या दुसऱ्या माणसांनीं वजनावर विकण्यासाठीं अडीच-अडीच फुटांवर तोडून नेलें. त्यांत एक धनुष्य निघण्याजोगा तुकडा उरला नाहीं.

हा प्रकार सांगण्याचें कारण हें कीं, जें लांकूड सरळ फुटतें म्हणून धनुष्यास चांगलें, तेंच झुकलेलें असतां कापणाऱ्यास सर्वांत घातक. जोर जितका मोठा तितका हा अपघात लौकर होतो असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मोठें यंत्र हातीं असलें म्हणजे मनुष्य रीत विसरून जोरावर विसंबतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. शिवाय झुकलेल्या झाडाचें लांकूड वरच्या व खालच्या अंगास निरनिराळ्या ताणांत वाढलेलें असतें व सुकतांना वेडेंवांकडें होतें. म्हणजे तें धनुष्यासही नालायक. उभें झाड निवडावें. ज्या बाजूस पाडावयाचें तिकडे व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी खाच घ्यावी. मागचा काप त्या खाचेच्या एक-दोन इंच वर घ्यावा. आणि दोहोंच्या मध्यें बिजागरीसारखी पट्टी न कापतां ठेवावी. झाड त्या बिजागरीवर बसतें.

आतां करवतीकडे वळूं. पातें १४ किंवा १६ इंच, एंजिन ३५ ते ४० सी. सी. असावें. अशी करवत पातें, साखळी व तेल धरून पांच-साडेपांच किलोंची होते, ५८ सी. सी. ची सातांच्या आसपास जाते. दीड-दोन किलोंचा फरक दुकानांत कळत नाहीं, दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशीं ओणवें झाल्यावर कळतो. लांब पात्याचें टोक नजरेआड फांदीस किंवा धोंड्यास लागतें. टोकाच्या वरच्या अंगास कांहीं लागलें कीं करवत उलट उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. यासाठीं पुढच्या दांड्यास साखळीचा ब्रेक असतो. तो आहे एवढ्यावर न भुलतां दुकानदारासमोर यंत्र चालू करून दांडा पुढें ढकलावा. साखळी तत्काळ थांबली नाहीं तर तें यंत्र फुकट मिळालें तरी नको.

साखळीच्या दांतांचे कोपरे किंचित् गोलसर असलेली जात मागावी. अगदीं तीक्ष्ण कोपऱ्याची साखळी स्वच्छ लांकडांत झपाट्यानें चालते, पण आपल्या बांधावरच्या खोडांना माती, वाळू, क्वचित् कुंपणाची जुनी तार अडकलेली असते. तेथें ती तासाभरांत बोथट होते. बरोबर गोल कानस घ्यावी: ०.३२५ इंची साखळीस ४.८ मिलिमीटरची, लहान ३/८ इंची साखळीस ४ मिलिमीटरची. भुशाऐवजीं पीठ पडूं लागलें कीं काम थांबवून कानस लावावी. पेट्रोलांत तेल किती मिसळावयाचें तें यंत्राच्या पुस्तकांत पाहावें. ५० स १ असेल तर लिटरास २० मिलिलिटर, २५ स १ असेल तर ४०. साखळीच्या टाकींत ट्रॅक्टरचें काढलेलें काळें तेल ओतण्याची काटकसर आमच्याकडे फार आहे. ती करूं नये. त्यांत धातूचा कीस असतो.

बॅटरीवर चालणाऱ्या करवतींविषयीं एका तरुण सभासदानें विचारलें होतें. ज्याला वर्षाकाठीं दोन-चार झाडें तोडावयाचीं त्याला ती चांगली. आवाज कमी, मिसळामिसळ नाहीं. सोसायटीची करवत दिवसभर या शिवारांतून त्या शिवारांत फिरणार, तेथें बॅटरी संपली म्हणजे माणसें बसून राहतील. मात्र वीतभर पात्याच्या, एका हातानें धरावयाच्या ज्या लहान करवती हल्लीं स्वस्त मिळतात त्या घेऊं नयेत. दुसरा मोकळा हात कोठें जाईल याचा नेम नसतो.

एक गोष्ट दप्तराची. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचींत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन इत्यादि झाडें आहेत. तीं आपल्या रानांत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. तुती व बाभूळ त्यांत नाहींत. बांबू तर २०१७ च्या दुरुस्तीनें वनाबाहेरील जमिनींत ‘झाड’ या व्याख्येंतूनच निघाला. परंतु तोडण्यापूर्वीं सातबाऱ्यावरील इतर हक्काचा रकाना वाचावा, आणि झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमति घ्यावी. जमिनीच्या तंट्यांपेक्षां झाडाच्या तंट्यांतले अर्ज आम्हीं अधिक कडवट पाहिले आहेत. एका बोरीपायीं दोघे सख्खे चुलतभाऊ नऊ वर्षें कचेरींत येत होते. ती बोर मध्येंच वाऱ्यानें पडली तरी अर्ज चालूच होता.

दोन करवतींच्या किमतींत जो फरक पडेल तो वाचवूं नये अशी आमची सूचना आहे. त्यांतून जाळीचें शिरस्त्राण, कानपट्ट्या, जाड बूट आणि साखळी अडविणाऱ्या अस्तराची विजार, एवढें घ्यावें. ज्याच्या अंगावर हें नाहीं त्याच्या हातीं करवत देऊं नये, मग तो सभासद चेअरमन का असेना. सुट्या साखळ्या व भाग सोलापुरांतल्या ज्या दुकानांत बारा महिने मिळतात त्याच दुकानाची करवत घ्यावी.

गेल्या माघांत आम्हीं विहिरीवरची दुसरी तुती, जी सरळ होती ती, पाहुण्यांकडून १६ इंची करवत मागून आणून पाडली. व्यास साडेआठ इंच भरला. पाडण्यास व सहा फुटांचा ओंडका कापण्यास अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला. कापलेल्या टोकांस त्याच घटकेस उरलेला ऑईल पेंट फांसला, कारण लांकूड टोकांकडून लौकर सुकतें व तेथूनच तडकतें. मग चार लोखंडी पाचरी ठोकून सुतारानें त्याचे चार फाळके केले. ते त्याच्या माळ्यावर सावलींत आडवे पडले आहेत, आणि पुढच्या थंडीपर्यंत त्यांस हात लावावयाचा नाहीं असें त्यानें मुलांस बजावलें आहे. मुलें रोज शाळा सुटल्यावर जाऊन पाहून येतात. येत्या सभेस त्यांतला एक फाळका आम्ही बरोबर आणणार आहों.