चमक बघू नका, ओरखडा बघा



पाऊस उघडला, नर्मदेचं पाणी उतरलं की आपल्याकडे दरवर्षी एकच काम निघतं. ट्रॉली आडवी करायची, गाडीखाली झोपायचं, तारेचा ब्रश मारायचा आणि काळा रंग फासायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा रंगाचा डबा आणण्याआधी हे वाचा, एवढीच विनंती.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या गाड्यांसाठी कोट निवडताना तो पहिल्या दिवशी किती चमकतो हे बघायचं नाही. पहिला दगड लागल्यावर, पहिला ओरखडा पडल्यावर तिथे काय होतं, ते बघायचं. कारण ओरखडा पडणारच आहे.

आपल्या गाड्या रस्त्यावरच्या गाड्या नाहीत. होडी ओढणारा ट्रॅक्टर, जाळी आणि क्रेट नेणारी फोर बाय फोर पिकअप, होडीची ट्रॉली, ही सगळी काठावरून रेतीत उतरतात, गाळातून जातात, अर्धं चाक बुडेपर्यंत पाण्यात उभी राहतात. करजण तालुक्यात नदीचं पाणी गोडं, म्हणून लोखंडाला भीती नाही, असं काही जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पावसाळ्यात चाकशीच्या दिवसांत आपल्यातले काही जण खाली भाडभूतकडे जातात, तिथे भरतीचं खारं पाणी लागतं. दर्याची मासळी आणली तर क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारट पाणी सरळ चासीवर पडतं. गाळ कोपऱ्यात सुकतो, पण आतून ओल धरून ठेवतो, आणि मीठ त्यातच बसतं. वरून रेती आणि खडी रोज घासत असते. शोरूमच्या गाडीला चालणारा रंग इथे कसा टिकेल?

रंग कुठलाही असो, तो मुळात एक रेनकोट आहे. पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. रेनकोट फाटला की आतला माणूस भिजतो. रंगाला भोक पडलं की गंज तिथून शिरतो आणि रंगाच्या खालून पसरत जातो. वरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं, आणि बोटाने दाबलं की पोपडा निघतो. खाली लोखंड पापडासारखं झालेलं असतं.

जस्ताचं काम वेगळं आहे. आऊटबोर्ड मशीनच्या पायाला जस्ताची वडी असते ती सगळ्यांना माहीत आहे. ती झिजते आणि मशीन वाचवते. लोखंड आणि जस्त एकमेकांना चिकटून ओले झाले की आधी जस्त खपतं, लोखंड राहतं. जस्ताच्या कोटावर ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त त्या उघड्या जागेसाठी स्वतः झिजतं. म्हणून छोट्या ओरखड्यात गंज लगेच पाय पसरत नाही.

ही विद्या जुनी आहे. १८२४ साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. तांबं झिजायचं थांबलं. पण गंमत अशी झाली की तांबं विरघळेना म्हणून त्यावर शेवाळ आणि शिंपले बसायला लागले, जहाजं जड झाली. पुढे १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. तेच आजचं गॅल्व्हनाइझिंग. डेव्हीच्या गोष्टीतून आपण एवढं घ्यायचं की एकच उपाय सगळीकडे लागू पडत नाही. भाग बघून कोट ठरवायचा.

आता एकेक प्रकार बघू.

साधा रेड ऑक्साइड आणि वरून काळा एनॅमल. स्वस्त, घरी मारता येतो, कोरड्या रस्त्याला ठीक. पाण्यात उतरणाऱ्या भागावर फार दिवस तग धरत नाही.

पावडर कोटिंग. दिसायला सगळ्यात देखणं. कोरडी पावडर विजेच्या भाराने लोखंडावर चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. रेलिंग, सीटची फ्रेम, छतावरचं कॅरियर, केबिनमधले ब्रॅकेट यांना उत्तम. पण बंपरच्या खालची बाजू, पायरी, ड्रॉबार अशा दगड लागणाऱ्या जागी त्याचा तुकडा उडतो आणि कडेने पाणी आत शिरतं. घरी ब्रश मारून ते पूर्वीसारखं होत नाही. नुसत्या लोखंडावर पावडर करून ती ट्रॉली पाण्यात घालणं, हे आमच्या मते पैसे वाया घालवणं आहे.

झिंक प्लेटिंग. दुकानात मिळणारे चकचकीत नटबोल्ट बहुतेक याच प्रकारचे. यात जस्ताचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढा पातळ थर पाण्यातल्या कामाला पुरत नाही.

गरम जस्तात बुडवलेलं, म्हणजे हॉट डिप. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवतात. जस्त नुसतं वर बसत नाही, लोखंडाशी एकजीव होतं. ६ मिलिमीटरपेक्षा जाड लोखंडावर सरासरी ८५ मायक्रॉनचा थर धरतात, ३ ते ६ मिलिमीटरवर ७०. शिवाय पोकळ पाइपच्या आतूनही जस्त जातं, जिथे आपला ब्रश कधीच पोचत नाही.

इपॉक्सी. दोन डबे मिसळून मारायचा रंग. खाली जस्तभरला प्रायमर, मध्ये इपॉक्सी, वरून पीयू. उन्हात इपॉक्सी खडूसारखा भुकटी सोडतो म्हणून वरचा पीयू लागतोच. ओरखडा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा मारता येतो.

आमची शिफारस अशी आहे. होडीची ट्रॉली, ड्रॉबार, बंपर, पायरी, जाळीचा कठडा, म्हणजे जे जे नटबोल्ट काढून वेगळं करता येतं ते हॉट डिप करा. गाडीची चासी काढता येत नाही, तिला इपॉक्सीचे तीन थर द्या आणि पोकळ भागात मेणाचा स्प्रे मारा. वरच्या कोरड्या भागाला पावडर चालेल. पाण्यातल्या जागचे नटबोल्ट हॉट डिपचेच घ्या, आणि नट-बोल्ट जोडीने घ्या. जाड थरामुळे बोल्ट फुगतो, त्याच्या नटाचे आटे वेगळे पाडलेले असतात, साधा नट बसत नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. यात जिवाचा प्रश्न आहे.

दोन्ही टोकं बंद असलेला पाइप गरम जस्तात गेला तर आतली हवा आणि ओल फुगून पाइप फुटतो. कारागिराचा जीव जाऊ शकतो. फ्रेम बनवतानाच फॅब्रिकेटरला भोकं ठेवायला सांगा. ती भोकं नंतर पाणी निथळायलाही कामी येतात.

कमानपाटे आणि जास्त ताकदीचे बोल्ट हॉट डिपला देऊ नका. पाट्याचं पाणी त्या उष्णतेत उतरू शकतं. आधीच्या ॲसिडच्या धुण्यात कडक पोलाद ठिसूळ होतं आणि नंतर अचानक तुटतं.

जस्त लावलेल्या लोखंडावर वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी तेवढं जस्त घासून काढा आणि मोकळ्या हवेत करा. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो.

घरच्या घरी नदीच्या रेतीने ब्लास्टिंग करू नका. त्या धुळीने फुफ्फुसं कायमची खराब होतात.

नव्या जस्तावर साधा एनॅमल मारू नका. तेलाचा रंग आणि जस्त यांचं पटत नाही, काही महिन्यांत पापुद्रे निघतात. रंग हवाच असेल तर आधी जस्तासाठीचा प्रायमर लावा.

आणि चासीला जस्ताची वडी ठोकू नका. ती वडी पाण्यात बुडलेली असतानाच काम करते. हवेत लटकलेली वडी नुसती शोभेची.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, आपण जळकं ऑईल मारतो, वर्षानुवर्षं चाललंय. आम्ही मोठ्यांचा मान ठेवून सांगतो, हे आता बंद करायला हवं. जळकं ऑईल धूळ आणि रेती धरतं, रबरी बुश फुगवतं, आणि पहिल्याच उताराला पाण्यावर तवंग होऊन निघून जातं. ते पाणी कुणाचं? त्याच नदीत आपण जाळं टाकतो. कारखान्यांच्या पाण्याबद्दल बोलायचं असेल तर आपले हात आधी स्वच्छ पाहिजेत.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो खरा आहे. हॉट डिपला एकदम पैसे लागतात. पण दरवर्षीचा रंग, ब्रश, दोन दिवसांची मजुरी आणि बुडलेला धंदा लिहून काढा, पाच वर्षांची बेरीज करा आणि मग ठरवा. त्यात ड्रॉबारचा हूक धरा. उतारावर होडी भरलेली असताना गंजलेला हूक सुटला तर ट्रॉली मागे घसरते, आणि मागे आपलाच पोरगा दोरी धरून उभा असतो. त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहिणार?

हॉट डिपचा भाव वजनावर असतो, आणि एकट्याची एक ट्रॉली नेली की टेम्पोभाडंच जड पडतं. म्हणून संस्थेने यंदा सगळ्यांचा माल एकत्र पाठवावा असं आमचं मत आहे. चार-पाच ट्रॉल्या, बंपर, कठडे सुटे करून एका टेम्पोत भरायचे आणि दोन-तीन ठिकाणचे भाव घेऊन एकत्र काम द्यायचं. कामात आयएस ४७५९ प्रमाणे थर मोजून द्यायचा, असं लेखी घ्यायचं. थर मोजायचं छोटं मशीन असतं, माल घेताना समोर मोजून घ्यायचा.

ज्यांना यंदा जमणार नाही त्यांनी निदान एवढं करावं. रंगाचं काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करा, दमट दिवशी नको. रंगापेक्षा घासण्याला जास्त वेळ द्या. गंजावर मारलेला सगळ्यात महाग रंगसुद्धा गंजाबरोबरच निघतो, आणि जस्तभरला प्रायमर तर उघड्या लोखंडाला भिडला तरच काम करतो. आधी साबणाने तेल-मीठ धुवा, मग घासा. आणि वर्षभर, खालून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चासी खालून धुवा. गाळ काढा, निथळायची भोकं मोकळी करा. याला पैसे लागत नाहीत.

ज्यांच्या ट्रॉल्या द्यायच्या आहेत त्यांनी लांबी, रुंदी आणि पाइपची जाडी संस्थेत कळवावी. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनीही पुढच्या मीटिंगला यावं आणि आपल्या गाडीचा अनुभव सांगावा. ज्याच्या ट्रॉलीवरचा रंग खरंच पाच पावसाळे टिकला असेल, त्याने ती ट्रॉलीच घेऊन यावं. आपण सगळे मिळून बघू.

आपले,
सचिव, संस्थेच्या वतीने