मदतनीस कोणी निवडायचा?

मार्च उजाडला की विशेष शाळांत आणि दिव्यांगांच्या कार्यशाळांत वार्षिक आढाव्याची धांदल सुरू होते. फायली निघतात, तक्त्यांत ‘साध्य’, ‘अंशतः साध्य’ असे शेरे पडतात, पालकांच्या सह्या होतात. ज्याच्या नावाची फाईल, तो तिशी ओलांडलेला गृहस्थ बहुतेक वेळा बाहेर बाकावर मांडीवर डबा घेऊन बसलेला असतो. आत बोलावलेच तर ‘सरांना नमस्कार कर’ एवढ्यापुरते. पुढच्या वर्षी त्याच्यासोबत कोण असेल, कोण त्याला बसमध्ये चढवेल, कोण आंघोळीला मदत करेल, हे ठरवण्यात त्याचा वाटा नसतो.

हा वाटा कायद्याने द्यायचा प्रयत्न काही देशांनी केला आहे. आपल्याकडच्या परिसंवादांत त्याविषयीची चर्चा ‘तिकडे पैसे थेट हातात देतात, इकडे कसे जमणार?’ इथे संपते. तिकडेही सरसकट तसे नसते. कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेऊ. १९६९ मध्ये झालेल्या आणि पुढे विस्तारत गेलेल्या लँटरमन कायद्याने तिथे विकासात्मक अक्षमता असलेल्यांना सेवांचा हक्क दिला. त्या सेवा २१ रीजनल सेंटर्समार्फत मिळतात. नेहमीच्या पद्धतीत सेंटरशी जोडलेल्या संस्थेकडूनच सेवा घ्यावी लागते. २०१३ मध्ये राज्याने याला पर्याय म्हणून सेल्फ-डिटरमिनेशन प्रोग्रॅम मंजूर केला. वॉशिंग्टनची, म्हणजे संघराज्य सरकारची, मंजुरी यायला २०१८ उजाडले. मग सोडत काढून सुमारे अडीच हजार जणांना आधी घेतले गेले आणि १ जुलै २०२१ पासून तो सर्व पात्र व्यक्तींसाठी खुला झाला.

रोख रक्कम यात कोणाच्याच हाती पडत नाही. आधीच्या १२ महिन्यांत त्या व्यक्तीच्या सेवांवर झालेला खर्च आधार धरून वर्षाचे अंदाजपत्रक ठरते. गरज बदलली असेल किंवा आधी भागलीच नसेल, तर त्यात फेरफार होतो. त्या रकमेत काय काय बसवायचे याचा आराखडा ती व्यक्ती आपल्या माणसांना सोबत घेऊन करते. बिले, पगार, कर हे सगळे आर्थिक व्यवस्थापन करणारी संस्था पाहते, आणि ही सेवा घेणे सक्तीचे आहे. हवा असेल तर एक स्वतंत्र सहाय्यकही नेमता येतो. त्याच्याबाबतची अट मला फार शहाणपणाची वाटते: तो त्या व्यक्तीला दुसरी कोणतीही सेवा देणारा असता कामा नये, आणि अशी सेवा देणाऱ्या संस्थेचा नोकरही नसावा. म्हणजे ‘तू या केंद्रात राहावेस की नाही’ याचा विचार करायला मदत करणारा माणूस त्याच केंद्राचा पगारी नसतो. आपल्याकडे हे काम आपणच, म्हणजे केंद्रे आणि कार्यशाळा चालवणारेच, करतो, आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटतही नाही.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. आठवड्यातून तीन सकाळी पोहायला सोबत कोणीतरी हवे असेल, तर ओळखीतला कॉलेजचा विद्यार्थी नेमता येतो. त्याची मुलाखत घेता येते. तो सारखा मोबाईलमध्ये डोके घालून बसत असेल, तर त्याला सांगता येते की पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. माझ्या मते सगळ्या योजनेचा जीव या शेवटच्या वाक्यात आहे. अंदाजपत्रक, आराखडा, हिशेब हा सगळा खटाटोप त्यासाठीच.

दोषही आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. मागच्या खर्चावर पुढचे अंदाजपत्रक बेतले, की ज्याला आधी कमी मिळाले त्याला फेरफारासाठी भांडावे लागते. भांडायला इंग्रजी लागते, वेळ लागतो, कागद सांभाळणारी आई लागते. नोकरी करून हे सगळे निभावणारी आई हळूहळू मुलाची व्यवस्थापक होते आणि ‘स्व-निर्णय’ म्हणजे आईचा निर्णय होऊन बसतो. स्कॉटलंडने याला एक बरी वाट काढली आहे. १ एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यात चार पर्याय आहेत: रक्कम स्वतः घ्या, किंवा निवड तुमची, पैसा आणि व्यवस्था दुसऱ्याकडे, किंवा सगळे नगरपरिषदेवर सोपवा, किंवा यांची सरमिसळ करा. हिशेबाचा जाच नको म्हणून निवडीवर पाणी सोडायची वेळ दुसऱ्या पर्यायामुळे येत नाही. आपल्याकडे कधी योजना आखली गेलीच, तर याच पर्यायापासून सुरुवात व्हावी.

आता आपल्या कायद्याकडे वळू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आपण प्रमाणपत्रासाठी आणि आरक्षणासाठी उघडतो. कलम १३ क्वचितच वाचतो. मदतीची व्यवस्था बदलण्याचा, तिच्यात फेरफार करण्याचा, ती मोडून टाकण्याचा आणि दुसऱ्या कोणाची मदत घेण्याचा हक्क ते कलम दिव्यांग व्यक्तीला देते. मदत करणाऱ्याने गैरवाजवी दबाव आणू नये, आर्थिक व्यवहारात हितसंबंध आड येत असतील तर त्या व्यवहारात मदतच करू नये, हेही तिथेच आहे. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि दोघांनी मिळून. तरी १८ वर्षे पूर्ण झाली की आपण पालकांना पहिला सल्ला देतो तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करण्याचा. बँकेत अडते, हे खरे आहे. पण बँकेतल्या एका सहीसाठी आख्ख्या आयुष्याचे कुलमुखत्यारपत्र करून ठेवायची काही गरज नसते.

पैसा नाही, योजना नाही, मग आपण काय करणार, असे कोणी विचारेल. जे आपल्याच हातात आहे तिथे तरी आपण काय करतो? दिवाळीआधी कार्यशाळेत पणत्या रंगतात, उटण्याची पाकिटे भरली जातात, प्रदर्शनात विकली जातात. महिनाअखेरीस मानधनाचे पाकीट फाटकाशी आईच्या हातात दिले जाते. ते कमावणाऱ्याच्या हातात दिले, त्याने त्यातल्या वीस रुपयांचा वडा खाल्ला आणि उरलेले घरी नेले, तर कोणाचे काय बिघडेल? हरवेल, कोणी फसवेल, ही भीती रास्त आहे. म्हणून रक्कम थोडी ठेवावी, सोबत कोणी असावे. पण पाकीट त्याच्याच खिशात जावे.

मदतनिसाबाबतही तसेच. त्याला विचारावे, आणि कसे विचारतो तिकडे लक्ष असावे. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती प्रश्न कळला नाही की ‘हो’ म्हणून मोकळ्या होतात, हे कॅरोल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच दाखवून दिले आहे. स्वमग्न व्यक्ती अनेकदा शेवटचा शब्द उचलते. ‘मीनाताई हव्यात की सुनीलदादा?’ ‘सुनीलदादा.’ ‘सुनीलदादा की मीनाताई?’ ‘मीनाताई.’ इथे निवड झालेलीच नाही. दोघांचे फोटो समोर ठेवावेत, जागा अदलाबदल करून वेगळ्या दिवशी पुन्हा ठेवावेत. जो बोलतच नाही, त्याच्याबाबत नोंदी बघाव्यात: कोण आले की तो चप्पल घालून दाराशी येतो, आणि कोणाच्या पाळीला हात चावून घेतो. हात चावण्याची नोंद ‘समस्यावर्तन’ या रकान्यात वर्षानुवर्षे पडून असते, पण त्या दिवशी पाळी कोणाची होती ते शेजारी लिहिलेले नसते. विशेष शिक्षकांनी येत्या महिन्यात मदतनिसांची जुनी हजेरी काढून हे दोन कागद एकदा शेजारी ठेवावेतच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्याच कलम २४ मध्ये जास्त मदतीची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता नमूद आहे, आणि कलम ३८ खाली अशी गरज असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने कोणीही, अर्ज करू शकते. पालक संघटनांनी हे अर्ज जिल्ह्याजिल्ह्यांत द्यावेत आणि अर्जातच लिहावे की कोणाची मदत हवी आहे आणि ते कशावरून ठरवले. भत्त्याचे नियम बनतील तेव्हा ‘काळजीवाहक कोणी नेमायचा’ हा रकाना त्यात असायला हवा. तो नसेल, तर रक्कम घरातल्या किंवा संस्थेतल्या आहे त्याच माणसाच्या नावावर जमा होत राहील.

या वर्षीच्या आढाव्यापुरते बोलायचे, तर फाईलमध्ये तक्त्याच्या आधी एक पान घालावे: कोणासोबत राहायला, फिरायला, काम करायला आवडते, कोण नको, आणि हे कसे कळले. ते पान बाकावर बसलेल्या माणसाला आत खुर्ची देऊन, त्याच्या समोर भरावे. यात अर्धा-पाऊण तास सहज जाईल. एका सकाळी पंधरा आढावे उरकणाऱ्या संस्थांना ते जमणार नाही. त्यांनी एप्रिलचा पहिला आठवडाही आढाव्यांसाठी मोकळा ठेवावा आणि पालकांना तसे आत्ताच कळवावे.