जुनी मालमोटार आणि बेताचा पैसा

खेड्यापाड्यांतून हिंडताना एक देखावा आमच्या दृष्टीस वारंवार पडतो. गोठ्याच्या मागे, बांधाच्या कडेस किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या आवारात एखादी जुनी मालमोटार, म्हणजे जिला आपण सर्वजण ट्रक म्हणतो ती, चाके जमिनीत रुतलेल्या स्थितीत उभी असते. तिच्या हौद्यात गवत उगवलेले असते, केबिनीत कोंबड्या बसतात, आणि ‘एकदा भंगारवाल्यास बोलावले पाहिजे’ असे घरातील वडील मनुष्य दरवर्षी म्हणत असतो. अशा गाडीभोवती त्याच घरातील एखादा तरुण पाना व ग्रीसचा डबा घेऊन घुटमळू लागला, म्हणजे घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हे खूळ आहे. दुसरा म्हणतो, हौसेला मोल नाही. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. हौसेला मोल असते. ते आधी ठरविले आणि पैसा योग्य ठिकाणी लावला, तर जुनी मालमोटार दुरुस्त करण्याचा छंद शेतकऱ्याच्या घरास शोभणारा आहे. तसे न केल्यास तो कर्जाचा आणि प्रसंगी प्राणावर बेतणारा व्यवहार होतो.

ही गाडी जपावीच का, हा प्रश्न प्रथम येतो. राजेरजवाड्यांच्या मोटारी आज कौतुकाने जपल्या जातात व त्यांच्या मिरवणुका निघतात. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या गाडीने आमचा कांदा, गूळ व ऊस पेठेस आणि कारखान्यास पोहोचविला, तिची आठवण ठेवणारा कोणी नसावा, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ साली मुंबईनजीक कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून डॉज जातीची मालमोटार बाहेर पडली. पुढे १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरास डिझेलच्या मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ साली संपला, आणि गाडीच्या नाकावरील तीन टोकांच्या ताऱ्याची जागा ‘टी’ ह्या अक्षराने घेतली. बैलगाडीचा मुक्काम मोडून रातोरात माल शहरात पोहोचण्याची सोय आमच्या वाडवडिलांस अशाच गाड्यांनी करून दिली. हा शेतीच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो वजनकाट्यावर किलोच्या भावाने जात आहे.

दुसरे कारण याहून व्यवहाराचे आहे. ह्या जुन्या गाड्यांत आजच्याप्रमाणे सूक्ष्म विद्युत्‌यंत्रांचा कारभार नाही. जे बिघडते ते बहुधा डोळ्यांस दिसते व हातास लागते. डिझेल पंप, नोझल, क्लच, गिअर, कमानपाटे ही सर्व अंगे उघडून पाहता येतात. ज्या मुलाने असे एक इंजिन स्वतः उघडून पुन्हा बसविले, तो पुढे विहिरीवरील इंजिन बंद पडले म्हणून पिकास पाणी न देता मिस्त्रीची वाट पाहत बसणार नाही. भर हंगामात ट्रॅक्टर अडला असता काय नुकसान होते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आता पैशाकडे वळू. येथे आम्ही आमचीच चूक प्रांजळपणे सांगतो, कारण दुसऱ्याच्या चुकीपेक्षा ती आम्हांस अधिक ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी भंगारात निघालेली एक मालमोटार आम्ही हौसेने घरी आणली. पहिल्या उन्हाळ्यात तिला रंग दिला, केबिनीत नव्या गाद्या घातल्या आणि मागील फळीवर मोर काढविला. गावातील मंडळी पाहावयास आली तेव्हा आम्हांस धन्यता वाटली. दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिन सुरू झाले, आणि त्या आनंदात आम्ही गाडी विहिरीकडील उतारावर नेली. ब्रेकचे पायडल तळास टेकले, पण गाडी थांबेना. ती गोठ्याची भिंत पाडून उभी राहिली. बैल त्या वेळी मळ्यात होते आणि मुले शाळेत होती, एवढ्यावरच निभावले. चाके उघडून पाहिली तो व्हील सिलिंडर गंजलेले व त्यांतील रबरी वाट्यांचा भुगा झालेला. रंगावर घातलेला पैसा आधी ब्रेकवर घातला असता, तर भिंतही राहिली असती व शिल्लकही उरली असती.

ह्या अनुभवावरून आम्ही असे ठरविले आहे की, बेताचा पैसा हा ह्या छंदाचा शत्रू नव्हे. अव्यवस्थित खर्च हा शत्रू होय. काटकसर कोठे करावयाची व कोठे मुळीच करावयाची नाही, हे कळले म्हणजे अर्धे काम झाले. रंग, गाद्या, हौद्याच्या फळ्या, पत्र्याचे ठोकाठोकीचे काम यांत हवी तितकी काटकसर करावी. ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि गाडी उचलून धरण्याचे साधन यांत एका पैशाचीही करू नये.

गाडी घेण्यापूर्वीच रक्कम ठरवावी आणि तिचा एक तृतीयांश भाग बाजूस ठेवावा. कारण जुन्या यंत्राच्या पोटात काय आहे ते उघडल्यावाचून कळत नाही. ही रक्कम पीककर्जातून काढू नये, बियाण्याच्या व खताच्या पैशास हात लावू नये, आणि घरातील सोने गहाण टाकून तर हा छंद करूच नये. एका वर्षी पैसा संपला, तर गाडीवर ताडपत्री टाकून पुढील उन्हाळ्याची वाट पाहावी. जी गाडी वीस वर्षे थांबली, ती आणखी एक वर्ष थांबेल. काम करण्याचा काळही रब्बीची मळणी उरकल्यानंतर मृगापूर्वीचा असावा. पेरणीच्या दिवसांत पाना हातात घेणाऱ्या शेतकऱ्याची आम्ही तरफदारी करणार नाही.

खरेदी करताना स्वस्त गाडीपेक्षा पूर्ण गाडी पाहावी. अर्ध्या किमतीस मिळालेल्या गाडीचे गिअरबॉक्स, डिझेल पंप व काचा नाहीशा झालेल्या असतील, तर ते एकेक मिळविताना दुप्पट पैसा जातो. जी जात पुष्कळ वर्षे बनत राहिली, तीच निवडावी. तिचे सुटे भाग जुन्या बाजारात सापडतात आणि तिचे काम जाणणारा एखादा वृद्ध मिस्त्रीही तालुक्याच्या गावी भेटतो. त्या मिस्त्रीस मजुरी देऊन एक दिवस आपल्या अंगणात बोलवावे व प्रथम गाडी दाखवावी. त्याच्या डोळ्यांस एका तासात जे दिसेल, ते आपणांस एका महिन्यात दिसणार नाही. कागदपत्रांचाही विसर पडू देऊ नये. चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतो की नाही, कर थकला आहे काय, कोणाचे कर्ज गाडीवर नोंदलेले आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात पाहून घ्यावे.

कामाचा क्रम असा असावा: गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि शेवटी शोभली पाहिजे. ब्रेकच्या तेलास हवेतील ओलावा शोषून घेण्याची खोड असते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत तोच ओलावा सिलिंडर गंजवितो. म्हणून जुने तेल पूर्णपणे काढावे, रबराचा प्रत्येक भाग व नळी नवी घालावी, लोखंडी नळ्या हाताने चाचपून गंजलेल्या बदलाव्यात. जुन्या ब्रेक पट्ट्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची खूण असते. ‘२३१९’ असे असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला असे समजावे. नक्षी शाबूत असली तरी बाजूस बारीक भेगा पडलेला जुना टायर फसवा असतो. जुन्या मालमोटारींच्या चाकांस कडेला जी लोखंडी रिंग बसविलेली असते, ती हवा भरताना उडाल्यास मनुष्य जागीच ठार होऊ शकतो. म्हणून असे चाक घरी फुगवू नये, लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानात न्यावे. तसेच नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चासीखाली जाड लाकडी ठोकळे द्यावेत, आणि विटा किंवा दगड कधीही देऊ नयेत.

इंजिनाच्या बाबतीत घाई नडते. जाम झालेले इंजिन दुसऱ्या गाडीने ओढून फिरविण्याचा मोह अनेकांस होतो, आणि त्यात चांगले इंजिनही मोडते. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिनाचे तेल यांचे मिश्रण थोडे थोडे सोडावे, चार-आठ दिवस मुरू द्यावे, मग पुढील बाजूने पाना लावून हाताने हलके हलके फिरवून पाहावे. फिरू लागल्यावर नोझल बसविण्यापूर्वी आतील सर्व मिश्रण फिरवून बाहेर काढावे. तळाचे तेल काढून पाहावे. ते ताकासारखे पांढुरके दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे, आणि कारण सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये. टाकीतील जुने डिझेल टाकून द्यावे, टाकी धुवावी, फिल्टर नवा घालावा व नळ्यांतील हवा काढावी. पहिल्यांदा सुरू करताना एक सपाट फळी हाताशी ठेवावी. इंजिन आवरेनासे झाले तर हवा घेण्याचे तोंड तिने दाबून बंद करता येते.

हे सर्व झाल्यावर गंज आणि रंग. लहान भागांचा गंज घालविण्यास स्वस्त उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा. बॅटरी चार्ज करण्याच्या यंत्राचे ऋण टोक गंजलेल्या भागास व धन टोक एखाद्या निरुपयोगी लोखंडी पत्र्यास जोडून दोन्ही एकमेकांस न लागतील असे बुडवावेत. एका रात्रीत गंज मऊ होऊन ब्रशाने निघतो. पत्रा स्टेनलेस स्टीलचा मात्र नसावा, कारण त्यामुळे पाणी विषारी होते. ह्या कामात ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ते उघड्यावर करावे व बिडी ओढणारास जवळ येऊ देऊ नये. मोठ्या पत्र्यास तारेचा ब्रश, त्यावर रेड ऑक्साइड आणि त्यावर हाताने दिलेला साधा रंग पुरे. दोन हात लांबून ब्रशाचे फराटे दिसतात, हा दोष आम्ही दोष मानीत नाही.

एवढी खटपट करून गाडी उभी राहिली, म्हणजे ती रस्त्यावर नेता येईल काय? येथे आमचे सरकारास सांगणे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी निराळे नियम प्रसिद्ध केले, आणि त्यांत दहा वर्षांच्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क ठरविले. अशी वाहने नित्याच्या किंवा व्यापारी कामास वापरावयाची नाहीत, हेही त्यांत ठरले. हे सर्व योग्यच आहे. परंतु ते नियम खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी केले गेले. शेतमाल वाहणारी मालमोटार त्यांत बसली नाही. श्रीमंताची जुनी मोटार वारसा ठरते आणि शेतकऱ्याची जुनी मालमोटार भंगार ठरते, ह्या भेदास कारण काय? जी गाडी माल वाहणार नाही, भाडे घेणार नाही, जिची ब्रेकची तपासणी काटेकोरपणे झाली आहे, तिला वर्षातून काही ठरावीक दिवशी रस्त्यावर येण्याची मुभा माफक शुल्कात मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे. तपासणी कडक ठेवावी. तिच्यात सवलत आम्हांस नको. हा विषय आपापल्या संघांतून व लोकप्रतिनिधींकडे मांडण्याची आमच्या वाचकांस विनंती आहे.

तोपर्यंत नोंदणी, विमा व तपासणीचा दाखला नसलेली गाडी कोणीही सार्वजनिक रस्त्यावर काढू नये. आपल्या मळ्यातील सपाट वाटेवर, बैल व मुले दूर ठेवून ती फिरवावी. त्यातही आनंद थोडा नाही. आमची गाडी हल्ली वर्षातून दोनदा मळ्यात एक फेरी मारते. मोराचा रंग आता उडाला आहे आणि तो पुन्हा काढविण्याचा आमचा विचार नाही. पायडल दाबताच ती जागच्या जागी उभी राहते.

तेव्हा ज्या वाचकांच्या गोठ्यामागे अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांनी भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी घरातील मुलास सोबत घेऊन एक वेळ तिचे बॉनेट उघडून पाहावे. काय शाबूत आहे, काय नाही, यांची यादी करावी व तीपुढे खर्चाचा अंदाज मांडावा. तो अंदाज आपल्या आवाक्याबाहेर दिसला, तर गाडी खुशाल विकावी. त्यात कमीपणा नाही. आवाक्यात दिसला, तर येत्या उन्हाळ्यात पहिल्या चाकाचा ड्रम उतरवावा, आणि रंगाच्या दुकानाची पायरी तूर्त चढू नये.