दाखला हाती दिला, पुढे काय?

गेल्या आठवड्यात खानापूर तालुक्यातील एक भगिनी आमच्या कचेरीत आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत मुलाच्या शाळेचा दाखला. मुलगा सातवीत, वय तेरा, गणितात हुषार. दिवाळीनंतर तो हात धुऊ लागला तो थांबेना. कातडी सोलवटून रक्त आले तरी बोटांना घाण लागली आहे हा धाक जाईना. वर्गात वहीचे एकच पान तो वीस वेळा उलटी, मागे पडे, मुले हसत. शेवटी त्याने शाळेत जाणेच सोडले. मग मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतले. "बाई, ही शहाण्या मुलांची शाळा आहे. दाखला घेऊन जावा आणि त्याला खास शाळेत घाला," हे त्यांचे शब्द. बाई खास शाळेतही गेल्या. तेथील शिक्षिकेने मुलाशी पाऊण तास बोलून आपुलकीने सांगितले की, ही शाळा मतिमंद मुलांची आहे, याची बुद्धी शाबूत आहे, याला येथे ठेवणे अन्यायाचे होईल. एका शाळेस तो पुरेसा शहाणा नाही आणि दुसरीस तो फार शहाणा! या दोन दारांच्या मधल्या रस्त्यावर ते पोर गेले तीन महिने उभे आहे.

या विकाराला आपल्या भाषेत मंत्रचळ असा जुना शब्द आहे. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी तो पाहिला होता, ओळखला होता. आज त्यावर औषधे आहेत, आणि ज्या गोष्टीचा धाक वाटतो तिला थोडे थोडे सामोरे जाण्यास रुग्णाला शिकविणारी उपचारपद्धतीही आहे; लहान मुलांना तिचा चांगला गुण येतो. मतिमंदत्व ही निराळी गोष्ट, मनाचा आजार ही निराळी. परंतु आपल्या बोलण्यात दोहोंना 'वेडा' हा एकच शब्द, आणि त्या एका शब्दाने मुलाचे वर्षच्या वर्ष वाया जाते. अशी मुले मूठभर आहेत असेही कोणी समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तेरा ते सतरा वयाच्या मुलांत शेकडा सातांहून अधिक जणांना कसला ना कसला मनोविकार असल्याचे तीत आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार मुले! वर्गशिक्षकांनी आपल्या हजेरीपटावर एकदा नजर फिरवावी.

ती चार मुले आम्हांला दिसत का नाहीत? आम्हीच ती लपवितो म्हणून. थोरल्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, भावकीत बोलबाला होईल, म्हणून पोराला मामाच्या गावी धाडतो. नंतर अंगारा, नंतर देवऋषी, नंतर एखाद्या देवस्थानी मुक्काम. श्रद्धेची चेष्टा आम्ही करीत नाही. नवस बोलावयाचा असेल त्याने खुशाल बोलावा. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका निवाऱ्यास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेली अठ्ठावीस माणसे पळता न आल्यामुळे जळून मेली, हे विसरू नये. आजच्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. 'इस्पितळात पोराला शॉक देतील' ही भीती अनेक मातापित्यांना वाटते. त्यांनी हेही जाणावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अल्पवयीन मुलांना विजेचा उपचार देण्यास बंदी आहे. अपवाद करावयाचाच तर पालकांची संमती आणि पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते.

आता शाळेविषयी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांना तो कायदा लागू नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले, आणि त्या निकालाचा फेरविचार व्हावा काय हा प्रश्न २०२५ साली त्याच न्यायालयापुढे आला. आमच्या काही संस्थाचालकांस हा निकाल तोंडपाठ आहे. आमचा त्यांना सवाल आहे : भाषिक अल्पसंख्य म्हणून आपण जे संरक्षण मागितले ते मराठी मुलांना मराठीत शिकविता यावे म्हणून, की आजारी मराठी मुलाला दाराबाहेर काढता यावे म्हणून? शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. त्यात मनोविकाराचा समावेश आहे, आणि सरकारमान्य वा अनुदानित शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यावे असे त्यात सांगितले आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, इतकेच नव्हे तर दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतीही त्यात नमूद आहेत. ज्या सीमाभागात भाषेच्या पेपरावरून एवढे रण माजते तेथे ही शेवटची सवलत किती पालकांना ठाऊक आहे? त्यासाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. ते घेण्यास लाजू नये.

राहिला उपचाराचा प्रश्न, आणि येथे आम्हांला आमच्याच बांधवांशी थोडे कडू बोलावे लागणार आहे. त्या बाईंना कोणी सल्ला दिला होता की, मुलाला धारवाडला नेऊ नका, तिकडे सगळा कारभार कानडी. कोल्हापूर नाही तर पुणे गाठा. पुण्याचा खर्च झेपेना म्हणून मूल घरीच राहिले. हा सल्ला देणाऱ्याची भाषानिष्ठा आम्ही मान्य करतो, शहाणपण मान्य करीत नाही. धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य योजना १९९६ साली देशात सुरू झाली तीच मुळी बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगावरून, आणि तिच्यासाठी आपणही कर भरतो. जी सेवा आपल्या हक्काची आहे ती सीमेच्या कोणत्या बाजूस उभी आहे हे पाहून नाकारणे म्हणजे आपल्या लढ्याचे ओझे तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवणे होय.

मात्र भाषेची मागणी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. हाड मोडले तर क्ष-किरणांना भाषा लागत नाही. मन दुखले तर तपासणी होते ती बोलण्यातूनच, आणि मूल आपली भीती मायबोलीतच सांगते. घाण, विटाळ, शिवाशिव हे शब्द त्या मुलाने ज्या अर्थाने उच्चारले ते दुभाष्याच्या तोंडून अर्धेच पोहोचतील. म्हणून खिडकीपाशीच मराठी समजणारे डॉक्टर वा समुपदेशक मागावेत. बेळगाव-धारवाडकडे दोन्ही भाषा जाणणारी माणसे दुर्मिळ नाहीत, विचारणारे दुर्मिळ आहेत. २०१७ च्या कायद्यातील सेवांत मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि किमान सेवा आपल्या जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातील अन्य मानसिक आरोग्यसेवेकडून घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा असेही कलम त्यात आहे. या कलमाचा आधार घेऊन आपल्या भागातून किती अर्ज गेले? मोर्चाची निवेदने आपण शेकड्यांनी लिहिली. हा अर्ज एका पानाचा आहे. आणि मध्यरात्री मुलाचा जीव घाबरा झाला, काय करावे सुचेना, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, त्यास पैसे पडत नाहीत, आणि तेथे मराठीत बोलता येते.

येत्या सोमवारी त्या भगिनी मुलाला घेऊन धारवाडला जाणार आहेत. कानडी उत्तम जाणणारे आमच्या कचेरीतील एक सहकारी सोबत जातील. दाखला अजून दुसऱ्या शाळेत दिलेला नाही; तो बाईंच्या पिशवीतच आहे. मुख्याध्यापकांनी तो परत घ्यावा म्हणून आम्ही बुधवारी शाळेत जाऊन त्यांची भेट घेणार आहोत. गावातील पालकांपैकी ज्यांना आमच्याबरोबर यावयाचे असेल त्यांनी सकाळी साडेदहाला शाळेच्या फाटकापाशी यावे. घोषणा द्यावयाच्या नाहीत. मुले वर्गात असतील.