मांस ताजे आहे, पण निर्धोक आहे का?

कोलकात्याचे खिदिरपूर म्हणजे गोदीचा भाग. १८९२ मध्ये येथे गोदी सुरू झाली आणि कामधंद्यासाठी दूरदूरची माणसे येऊन वसली. शेजारीच मटियाबुर्ज. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कोलकात्यात आले आणि पुढे मटियाबुर्जलाच राहिले. कोलकात्याच्या बिर्याणीत हमखास दिसणारा बटाटा त्यांच्याच मुदपाकखान्यातून आला, असे तिथले लोक आजही सांगतात. अशा या खवय्यांच्या मुलुखात एप्रिल २०१८ मध्ये एकदम भीतीचे वातावरण पसरले.

निमित्त घडले ते खिदिरपूरच्या दक्षिणेला, नदीकाठच्या बजबज येथे. कचराडेपोवर टाकलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस काढून ते विक्रीसाठी पाठवले जात असल्याचे उघडकीस आले. पुढे पोलिसांनी राजाबाजार भागातील एका शीतगृहातून सुमारे २० टन मांस जप्त केले. कितीतरी कुटुंबांनी बाहेर मटण खाणेच सोडून दिले. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, 'आपण खाल्ले ते मांस नक्की कशाचे?'

प्रश्न रास्तच होता. पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मात्र मागे राहिला. मांस बोकडाचेच असेल, आज सकाळी कापलेले असेल, तरी ते निर्धोक असते का?

दोन प्रश्न, दोन तपासण्या

मांस कोणत्या प्राण्याचे हे प्रयोगशाळेत डीएनए तपासून सांगता येते. त्यात रोगजंतू आहेत का, ही तपासणी अगदी निराळी. पहिल्या तपासणीत मांस उत्तीर्ण झाले, म्हणजे दुसरीतही होईलच असे नाही.

बाजारात आपण मांस पारखतो ते रंगावरून, वासावरून आणि बोटाने दाबून. ही पारख टाकाऊ नाही. शिळे, चिकट झालेले मांस त्यातून बरोबर ओळखू येते. पण मांस कुजवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलायचे काही घातक प्रकार हे मांसाचा रंग बदलत नाहीत, वासही आणत नाहीत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या किंवा बोकडाच्या आतड्यात ते असू शकतात. कापताना आतडे फुटले, सुरी किंवा हात अस्वच्छ असले, की ते मांसावर येतात. नाकाला यातले काहीच कळत नाही.

चायना ग्रासची करामत

प्रयोगशाळेला ते कळते, आणि त्यामागे चक्क स्वयंपाकघरातली एक वस्तू आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळून जाई. तेथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांची पत्नी फॅनी घरी जेली करताना अगर-अगर घालत असे. १८८१ च्या सुमारास तिने तेच वापरून पाहायला सुचवले. आपण पुडिंगमध्ये घालतो ते चायना ग्रास म्हणजे हेच. ते उष्णतेत घट्ट राहते आणि बहुतेक जंतूंना पचवता येत नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू याच्यावरच वाढवतात. याच कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात येऊन कॉलऱ्याचा जंतू वेगळा काढून दाखवला होता.

साल्मोनेलाची नेहमीची तपासणी अशी होते. २५ ग्रॅम मांस २२५ मिलिलिटर पोषक द्रावणात मिसळून सुमारे १८ तास ३७ अंश सेल्सिअस उबेत ठेवतात. अर्धमेले जंतूही त्यात तरारून उठतात. दुसऱ्या दिवशी त्यातले थोडे अशा द्रावणात घालतात, ज्यात इतर जंतू मागे पडतात आणि साल्मोनेला वाढतो. तिसऱ्या दिवशी ते अगरच्या बशीवर पसरवतात. साल्मोनेला असेल तर चोवीस तासांत काळ्या मध्याचे लालसर ठिपके उमटतात. मग खात्रीच्या चाचण्या. एकूण चार-पाच दिवस जातात. २५ ग्रॅममध्ये एकही साल्मोनेला सापडता कामा नये, ही जगभर मानली जाणारी कसोटी आहे.

अहवाल येईपर्यंत...

आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्न विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवसांची मुदत असते. पहिल्या अहवालाविरुद्ध दाद मागितली, तर नमुना सरकारच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. अशी एक प्रयोगशाळा कोलकात्यातच आहे. खिदिरपूरहून मैदान ओलांडले की किड स्ट्रीटवर. पण कच्चे मांस चौदा दिवस कोण ठेवणार? सकाळी घेतलेले दुपारी शिजते. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल आपल्या आजच्या जेवणाला वाचवत नाही. तो पुढच्या जेवणांना वाचवतो. कोणत्या कत्तलखान्यात, कोणत्या शीतगृहात घाण शिरते आहे, हे त्यातून कळते आणि तेथे सुधारणा करता येते.

अशी तपासणी किती मोलाची, हे अमेरिकेला फार मोठी किंमत मोजून कळले. १९९३ मध्ये तेथे एका उपाहारगृह-साखळीचे अर्धकच्चे बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. खिम्यात ई. कोलाय ओ-१५७ हा घातक जंतू होता. त्यानंतर १९९४ मध्ये हा जंतू असलेला गोमांसाचा खिमा विकण्यास बंदी झाली आणि १९९६ मध्ये कत्तलखान्यांत जंतूंची नियमित तपासणी सक्तीची झाली.

खिमाच का? अखंड तुकड्यावर जंतू बहुधा वरच्या बाजूला असतात आणि आचेने लगेच मरतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून वरून खरपूस पण आतून गुलाबी राहिलेला कटलेट किंवा कबाब मुलांना देऊ नये.

शेवटची तपासणी चुलीवर

जंतूंचा बंदोबस्त करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन प्रत्येक घरात असते, ते म्हणजे आच. मांसाच्या अगदी मध्यापर्यंत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की हे जंतू मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रटरट उकळलेला रस्सा किंवा नीट दम दिलेली बिर्याणी ही परीक्षा सहज पार करते. घात होतो तो बहुधा आधी किंवा नंतर.

आधी म्हणजे मांस धुताना आणि कापताना. नळाच्या धारेखाली कोंबडी धुतली की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, जवळ ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. धुण्याने जंतू मरत नाहीत, फक्त पसरतात. धुवायचेच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे, आणि नंतर हात, ओटा व मोरी साबणाने स्वच्छ करावी. ज्या सुरीने आणि फळीवर मांस कापले, तिच्यावरच काकडी-कांदा चिरू नये. मटण शिजते, कोशिंबीर शिजत नाही. फ्रीजमध्ये कच्चे मांस झाकून सर्वांत खाली ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या पदार्थांवर ठिबकणार नाही. बर्फात जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. ते फक्त वाढायचे थांबतात.

नंतर म्हणजे उरलेले सांभाळताना. उबदार जागी काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एकाचे सात तासांत वीस लाख! मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्रभर ओट्यावर राहिला, तर शिजतानाही तगून राहिलेले काही जंतू त्यात पुन्हा वाढतात. काही जंतूंचे विष तर उकळल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून उरलेले लहान भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे.

आणि दुकानातल्या मांसाबद्दल खरोखर शंका असेल तर? कायद्याच्या चाळिसाव्या कलमानुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्नाची तपासणी करून घेता येते. मात्र खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसे सांगावे लागते. दोष आढळला तर भरलेले शुल्क परत मिळते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते.

प्रयोगशाळा बाजारावर नजर ठेवील, ठेवायलाच हवी. पण घरातली लहान मुले, गरोदर सून आणि थकलेले आजी-आजोबा यांना या जंतूंचा फटका सर्वांत जास्त बसतो. त्यांच्यासाठी वेगळी सुरी, साबणाने धुतलेले हात आणि पुरेशी आच एवढी काळजी प्रत्येक घरात आजपासूनच घेता येईल.